बालवाडीच्या पुढे

दामा,

सामंतांनी आणून दिलेला कागद तीन दिवस टेबलावर होता. आज सकाळी ते तो घेऊन गेले. टाइप केलेला, खाली माझ्या सहीसाठी रेघ आखलेली. त्यात लिहिलं होतं, की पत्ता नीट सांगितलेला असूनही अँब्युलन्सचा ड्रायव्हर भलत्याच बिल्डिंगमध्ये शिरला, फोन करून विचारण्याचीही तसदी त्याने घेतली नाही, आणि या निष्काळजीपणामुळे तुझा जीव गेला. गाडी आपल्या इथल्या मंडळाची, ड्रायव्हर पगारी. सामंतांनी मंडळाला तोंडी कळवलं होतंच, त्यामुळे त्याला तीन आठवडे घरी बसवून ठेवलं आहे.

"तुमची सही झाली की त्याची नोकरी जाईल, हिराबाई," सामंत म्हणाले. "आणि जायलाच पाहिजे."

सामंत वाईट नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांना कागद करायची हौस आहे. पण ‘पत्ता नीट सांगितलेला असूनही’ हे खोटं होतं. ते मला माहीत आहे आणि तुला माहीत होतं. सही केली की नाही ते सांगतेच. आधी थोडं दुसरं सांगू दे, तू तरी आता मध्ये बोलणार नाहीस.

गेलेल्या माणसाविषयी लिहितात तेव्हा तो मनमिळाऊ होता असं लिहितात. तू मनमिळाऊ नव्हतास. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "पुढच्या पानापासून वाढतो" म्हटलं, तर तू त्याला थांबवून विचारायचास, "कुणाच्या पुढच्या?" तिकडे भात गार व्हायचा. पुतण्याच्या लग्नात तुझ्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला बसवलं होतं. मी तुझी मोठी बहीण, मला काय, सवय.

तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी चौथी पास झाले आणि शाळा सोडली ती तुला कडेवर घ्यायला, कारण आई मासळीची टोपली घेऊन बाजारात जायची. हे मी तुला कधी ऐकवलं नाही असं नाही. भांडण झालं की पहिलं हेच ऐकवायचे. तूही मग म्हणायचास, "कडेवर घेतलंस तेव्हा माझं तोंड कुठं होतं, बाय? पुढे की मागे?" सत्तरीचा झालास तरी मला बाय म्हणायचास. लग्न केलं नाहीस. मी विधवा झाल्यावर ठाकुर्लीला माझ्याकडे राहायला आलास. कुणी विचारलं तर सांगायचास, "घरात ओरडायला बाय आहे की. आणखी कशाला?"

मानपाड्याच्या कारखान्यात तू ड्राफ्ट्समन होतास. आयुष्यभर पाइपांची आणि पंपांची चित्रं काढलीस. तुझं हे वेड तिथूनच लागलं. एकदा तू ड्रॉइंगवर लिहिलंस, ‘व्हॉल्व्ह पंपाच्या उजवीकडे’. फिटर मोटरकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याच्या उजव्या हाताला व्हॉल्व्ह बसवून मोकळा झाला. तू चित्र काढलं होतंस मोटरकडे तोंड करून. सगळं कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागलं. साहेबाने तुला बोलावून झापलं. तू मला सांगितलंस, "बाय, फिटर बरोबर होता. मीही बरोबर होतो. चूक त्या शब्दाची होती."

तेव्हाच मी म्हटलं होतं, "शब्दाला साहेब झापत नाही. तुला झापलं."

आपलं भांडण तेव्हापासूनचं आहे.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, कट्ट्यावर बसतात. तू कॉम्प्युटरसमोर बसून अशी भाषा शिकायला लागलास, जी कुठल्याच गावात बोलत नाहीत. लोज्बान. मी भाजी निवडत होते.

"कुणाची भाषा?"

"कुणाचीच नाही. माणसांनी ठरवून बनवलीय."

"का? आहेत त्या कमी पडल्या?"

"एका वाक्याचे दोन अर्थ निघू नयेत म्हणून, बाय."

"मग तिच्यात टोमणे कसे मारतात?"

तू खरोखर विचारात पडलास. दोन दिवसांनी येऊन म्हणालास, "मारता येतात. पण हा टोमणा आहे, असं शेजारी सांगायची सोय आहे."

"म्हणजे दार वाजवून चोरी," मी म्हटलं. तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

पुढे तू त्या भाषेच्या कोशाचं काम अंगावर घेतलंस. जागा दाखवणाऱ्या शब्दांचे अर्थ त्यात ढिले राहिले होते, ते घट्ट करायचे. तुझ्यासारखी दहा-बारा माणसं वेगवेगळ्या देशांत बसून त्यावर वाद घालायची. श्राने म्हणजे पुढे, त्रिखे म्हणजे मागे, प्रितु उजवीकडे, झुन्ले डावीकडे. मला ती नावं लिमलेटच्या गोळ्यांसारखी वाटायची. तू म्हणायचास, प्रत्येक शब्दाबरोबर तीन जागा येतात. पहिलीत ती वस्तू, जिच्याबद्दल बोलायचंय. दुसरीत ती, जिच्या उजवीकडे किंवा पुढे पहिली आहे. आणि तिसरीत, तोंड कुणाकडे आहे ते.

"पण कोशात लिहिलंय असं," तू वही पुढे सरकवून म्हणालास, "की पहिला दुसऱ्याच्या उजवीकडे, जो तिसऱ्याकडे तोंड करून आहे. आता हा ‘जो’ कोण? पहिला की दुसरा? यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत."

"दुसरा," मी म्हटलं.

"कशावरून?"

"रिक्षात मी तुझ्या उजवीकडे बसले, तर ते तुझ्या तोंडावरून ठरणार. मी तोंड वाकडं करून बाहेर बघत बसले तरी उजवीकडेच ना?"

तू ते लिहून घेतलंस. चौथी पास बाईची रिक्षा तुझ्या दहा देशांत फिरून आली. आठवड्याने सांगितलंस, की एका म्हाताऱ्या परदेशी माणसाने त्यावर लिहिलंय, बाईंना नमस्कार सांगा. मी म्हटलं, त्याला सांग, आधी रिक्षाचं मीटर बघ. मला बरं वाटलं होतं, तेव्हा सांगितलं नाही.

मग तू विचारायचा सपाटाच लावलास. झाडाच्या मागे म्हणजे कुठं? झाडाला तोंड नसतं. मी म्हटलं, बघणारा जिथं आहे त्याच्या उलट बाजूला. मग देवळाच्या मागे? देवळाला तोंड असतं, तिथं बघणाऱ्याला कोण विचारतो. मडक्याच्या पुढे? मडक्याला पाठही नाही आणि पोटच पोट आहे, त्याला काय पुढे-मागे. माझा स्वयंपाक करपायचा आणि तुझी वही भरायची.

एकदा मात्र मी तुला गप्प केलं. तू फळीवरचा हळदीचा डबा शोधत होतास. मी म्हटलं, "खाडीकडच्या टोकाला बघ." तू हात वर ठेवून तसाच उभा राहिलास.

"बाय, इथून खाडी दिसत नाही."

"दिसायला कशाला पाहिजे? आहे ना तिथं?"

आपल्या गावात डावं-उजवं कुणी म्हणत नव्हतं. आई म्हणायची, "खारीकरची फली." खाडीकडची फळी, खाडीकडचा बैल, जेवताना खाडीकडच्या हाताने पाणी घे. माणूस कुठंही तोंड करो, खाडी हलत नाही. तू खाली बसलास आणि म्हणालास, "हे तिसरंच आहे. ना बघणाऱ्याचं तोंड, ना वस्तूचं. जमिनीचंच तोंड." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं हळद उडाली. तू एवढा शिकलास, कारखान्यात साहेब लोकांत वावरलास, आणि आईची फळी तुला परत मिळाली ती असल्या उलट्या वाटेने. मी उठले. डबा काढून दिला.

पण आपलं खरं भांडण मिटलं नाही. तुझं म्हणणं, शब्द ढिला असला की माणसं चुकतात, म्हणून शब्द घट्ट करा. माझं म्हणणं, शब्द ढिला असतो कारण माणसाला तो तसा लागतो. मी चाळीस वर्षं मासळी विकली. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, तो पुढचा पापलेट द्या." पुढचा म्हणजे तिच्या बाजूचा, मला कळायचं. पण मी माझ्या पुढचा उचलायचे, जो आज खपायलाच हवा. तिने कुरकूर केली तर म्हणायचे, "बाय माझी, हाच तर पुढचा." दहांत आठ जणी घेऊन जायच्या. तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बघ, शब्दाने त्या बाईला फसवलं."

"शब्दाने नाही. मी फसवलं," मी म्हटलं. "शब्द बिचारा टोपलीत पडला होता."

तो दिवस मंगळवार होता. साडेदहा वाजले होते. तू खिडकीजवळच्या खुर्चीत पोहे खात होतास. बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "बाय, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." तुझा चेहरा बोंबलासारखा झाला होता, ओला आणि राखाडी. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप, खालचे कामावर गेलेले. मी मंडळाच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी ड्रायव्हरला जोडून दिलं.

"आजी, पत्ता सांगा."

"ठाकुर्ली पूर्व. बालवाडीच्या पुढे, पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला."

"निघालो."

मी फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि तुला पाणी घेऊन आले. तू पाणी घेतलं नाहीस. म्हणालास, "पुढे नको. समोर म्हण."

"तू गप बस."

"दोन अर्थ होतात, बाय."

"गप बस म्हटलं ना."

त्यानंतर तू काही बोलला नाहीस. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले. मी सांगते, काही नाही. काय सांगू? भावाने जाताना व्याकरण सांगितलं आणि बहिणीने त्याला गप केलं?

आपली बिल्डिंग बालवाडीच्या अगदी समोर. रस्त्याच्या त्या बाजूला ती, या बाजूला आपण. आपण सगळे म्हणतो, बालवाडीच्या पुढे. पण बालवाडी ओलांडून तसंच पुढे गेलं, की चार बिल्डिंगी सोडून आणखी एक पिवळी बिल्डिंग आहे. ड्रायव्हर बालवाडी ओलांडून पुढे गेला. स्ट्रेचर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढला. तिथल्या माणसांनी सांगितलं, इथं कुणी आजारी नाही. मग तो खाली उतरला, रस्त्यावर विचारत विचारत मागे आला. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते. बारा मिनिटं जास्त लागली. तो आला तेव्हा तुझी मान खिडकीकडे कलली होती.

हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टरला विचारलं, "बारा मिनिटं आधी आणलं असतं तर?" तरुण पोरगा होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "सांगता येत नाही, आजी. कदाचित वाचले असते. कदाचित नाही." मला तो आवडला. बाकी सगळे म्हणत होते, वेळ भरली होती. वेळ भरली होती हे यांना कुणी सांगितलं?

परवा केतकी आली, ठाण्याहून. तुझी ती भाषेतली मैत्रीण. तू तिच्याशी रोज कॉम्प्युटरवर बोलायचास, मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं होतं, जाड भिंगाची, वेणीवाली असेल. केस निळे आहेत रे तिचे. सांगायचं नाहीस का? मी दार उघडून बघतच राहिले.

"आजी, मी केतकी. काकांची वही बघायला आले."

रडली नाही, गळ्यात पडली नाही. चहा घेतला, वही मागितली. मला ते बरं वाटलं. श्रानेच्या पानावर तू तिसरी जागा तीन वेळा लिहून तीन वेळा खोडली होतीस.

"शेवटी काय ठरवलं काकांनी?" तिने विचारलं. "गटात सगळे थांबलेत."

"सोमवारी संध्याकाळी आम्ही यावरच भांडलो. तो म्हणत होता, तिसरी जागा भरल्याशिवाय हा शब्द वापरूच द्यायचा नाही. मी म्हटलं, घाईत असलेला माणूस जागा भरत बसतो का? ठरलं काहीच नाही."

"तुम्हाला काय वाटतं, त्यांनी काय ठरवलं असतं?"

"मी त्याच्या तोंडी काही घालणार नाही. मोकळं ठेव."

ती हो म्हणाली. मग तिचं लक्ष टेबलावरच्या सामंतांच्या कागदाकडे गेलं. तिने तो वाचला. तुझीच चेली. ड्रायव्हरबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "आजी, पत्ता नीट म्हणजे नक्की काय सांगितलात?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बालवाडीच्या पुढे. तू काय म्हणालास ते सांगितलं, मी काय म्हणाले तेही सांगितलं. तिने वहीतलं श्रानेचं पान पुन्हा उघडलं.

"आजी, हे उदाहरण म्हणून घालू का? नावं न घालता. असं उदाहरण आमच्याकडे दुसरं नाही."

"घाल. पण बोलणाऱ्या बाईला दोन्ही अर्थ माहीत होते, हेही घाल."

"कोशात तसं नाही घालता येत, आजी. कोशात फक्त शब्दाचं येतं."

"मग अर्धाच आहे तुमचा कोश," मी म्हटलं.

ती जाताना वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, पुरे, केस पायाला लागतील. पहिल्यांदा हसली.

आज सकाळी सामंत आले.

"झाली का सही?"

"नाही होणार."

"का हो?"

"पत्ता नीट सांगितला नव्हता. मी म्हटलं, बालवाडीच्या पुढे."

"मग बरोबरच आहे की! बालवाडीच्या पुढेच आहोत आपण."

"आणि बालवाडी ओलांडून जातो, तो कुठं जातो?"

"पुढे जा..." म्हणता म्हणता सामंत थांबले. तुला तो चेहरा बघायला आवडला असता. मग त्यांनी मान झटकली. "पण माणसाला अक्कल नको? सापडत नाही तर फोन करावा."

"केला होता. दोनदा. ओट्यावर वाजत होता. मी ऐकलं, उठले नाही."

सामंत खुर्चीत बसले. तुझ्याच खुर्चीत. आवाज खाली आणून म्हणाले, "हे कुणाला सांगू नका."

"तुम्हाला सांगितलं की."

"अहो, तुम्ही धक्क्यात होता. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

"धक्का होता. कान चालू होते."

मग त्यांनी मला सोडवायचा प्रयत्न केला. म्हणाले, "असं करू हिराबाई, चूक कुणाचीच नव्हती असं लिहू. गैरसमज. शब्दाचा घोळ झाला."

दामा, तुझंच बोलणं त्यांच्या तोंडून आलं. मला क्षणभर मोह झाला. शब्दाचा घोळ म्हटलं की ड्रायव्हर सुटतो, मी सुटते, तुझं म्हणणंही खरं ठरतं. तुझ्यासाठी म्हणून एवढं करावं, असंही वाटलं. पण पुढचा म्हणजे कुठला हे मला टोपलीवर बसल्यापासून माहीत आहे. आणि तू तर त्या घटकेला पुन्हा सांगितलंस. मला कळलं नाही असं नाही. तुला त्या वेळी माझी चूक काढायचं सुचतंय याचा राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, एवढंच.

मी सामंतांचा कागद उलटा केला आणि पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलं: ‘पत्ता मी अर्धा सांगितला. ड्रायव्हरने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. माझी तक्रार नाही.’ खाली सही केली.

"हे द्या मंडळाला," मी म्हटलं. "आणि तुम्ही तोंडी सांगितलंय ते तोंडीच परत घ्या."

सामंतांनी वाचलं. "याने तुमचीच बदनामी होईल."

"या वयात मला कोण मागणी घालणार आहे?"

ते गेले. हसले नाहीत. पण कागद घडी न करता, सरळ धरून नेला.

दुपारी मी त्या ड्रायव्हरला फोन केला. नंबर फोनमध्ये होता, लाल अक्षरात, दोनदा. आजपर्यंत मी तो पुसला नव्हता. विलास नाव आहे त्याचं.

"हॅलो, कोण?"

"बालवाडीवाली."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "आजी, खरंच सांगतो, मी दोनदा फोन केलेला..."

"माहीत आहे. तसं लिहून दिलंय मी. तक्रार नाही. मंडळातून बोलावणं आलं नाही तर मला सांग, मी स्वतः येईन."

 मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "रडायचं असेल तर फोन ठेव, मी मग करते."

"नाही आजी." मग म्हणाला, "मी पण विचारायला पाहिजे होतं. पुढे म्हणजे समोर, की पुढे. आमचा रोजचा धंदा आहे. मी घाईत निघालेलो."

"हो, विचारायला पाहिजे होतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. माझी चूक होती म्हणून त्याची पुसली जात नाही. बहुतेक त्यालाही ते ऐकायचं होतं, कारण त्याचा आवाज जरा मोकळा झाला.

"एक विचारू, आजी? रागावू नका. फोन का नाही उचलला? नाहीतर खाली गेटवर तरी उभं राहायचं. आम्ही लांबून बघतो ना, कुणी हात करतंय का ते."

विचारलंस ते बरं केलंस, असं मी त्याला म्हटलं. आणि सांगितलं, जे सामंतांना सांगितलं नव्हतं, केतकीलाही नाही.

तू गप्प झाल्यावर माझं मनगट धरलंस. घट्ट नाही. लहानपणी बाजारात जाताना धरायचास तसंही नाही, उगाच खोटं कशाला लिहू. बसमध्ये दांडा धरतात तसं धरलंस, कुणाचा आहे ते न बघता. फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा मी हात सोडवायला बघितला. तू डोळे उघडलेस. मी परत बसले. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी प्रयत्नही केला नाही. ओटा पाच पावलांवर होता, गेट दोन जिने खाली. पाच पावलं मी गेले असते तर कदाचित तू आज मला या सगळ्यावरून छळत असतास. कदाचित मी ओट्याशी ‘समोर, समोर’ ओरडत असताना तू खुर्चीत एकटा गेला असतास. दोन्ही कदाचितच.

विलास म्हणाला, "आजी, उद्या पुन्हा असं झालं तर?"

मी खरं ते सांगितलं. मी उठणार नाही.

दामा, तू म्हणाला असतास, हे चूक आहे. मी ऐकलं नसतं.